एक बोट अंतर

काशीतल्या आमच्या घरात कुणी स्टुलावर चढलं की मागे बिंदुमाधवभाऊजी दोन्ही हात वर करून उभे राहायचे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी एकदा फळीवरची लोणच्याची बरणी काढायला चढले आणि मागे वळून बघते तर हे उभे, जणू मी आभाळातून पडणार आहे.

"भाऊजी, हे काय? कुणी बघितलं तर काय म्हणेल?"

"वहिनी, मी हात लावत नाही. पण काढतही नाही. एक बोट अंतर ठेवतो."

ते नुकतेच कॉलेजात जिम्नॅस्टिक्सचे कोच म्हणून लागले होते. पोरं लोखंडी बारवर उलटीसुलटी लटकायची आणि भाऊजी खाली हात वर करून उभे. त्यांनीच मला सांगितलं होतं की स्पर्धेत कोचचा हात मुलाला नुसता लागला तरी मार्क कापतात. म्हणून हात एक बोट लांब ठेवायचा, आणि पडलं तरच धरायचं. सगळी विद्या त्या एका बोटात, म्हणायचे.

टेनिस त्यांच्या गळ्यात नंतर पडलं. टेनिसचे साहेब बदली घेऊन लखनौला गेले, तर प्रिन्सिपल म्हणाले, "मास्टरजी, खेल तो खेल है, वह भी आप ही देख लीजिए." भाऊजींनी जन्मात रॅकेट धरली नव्हती. सहा महिने पहाटे कॉलेजच्या भिंतीवर चेंडू मारत बसले. घरी माझा झारा घेऊन हवेत फटके मारायचे, पुऱ्या कढईत करपेपर्यंत. पुढे शिकवायलाही लागले, आणि पोरं जिंकायलाही लागली. मैदानाच्या लाल मातीवर रोलर स्वतः ओढायचे आणि तळवे लाल करून घरी यायचे. त्यांची बायको शरदिनी उंबऱ्यातूनच ओरडायची, "कुंकवाच्या पावलांनी लक्ष्मी येते म्हणतात, आमच्याकडे हे येतात! आधी पाय धुवा."

शरदिनी हसतमुख होती. ते हसू पुढे गेलं, ते कसं गेलं तेच सांगते.

त्यांना एकच मुलगी, निवेदिता. चालायच्या आधी ही पोर दाराच्या कडीला लटकायला शिकली. मोठी झाल्यावर बापाच्याच कॉलेजात गेली आणि बापाच्याच हाताखाली बारवर खेळू लागली. काय फिरायची! मी एकदा बघायला गेले आणि डोळे मिटूनच बसले. आदल्या वर्षीच्या स्पर्धेत भाऊजींना वाटलं हिचा हात सुटला, आणि त्यांनी तिच्या कंबरेला हात लावला. सुटला नव्हता. मार्क कापले आणि पहिला नंबर गेला. दुसऱ्या कॉलेजांचे कोच हसले, "अरे भाई, बाप का दिल है." पोर आठवडाभर बापाशी बोलली नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षी स्पर्धेच्या सकाळी, मी तिच्या हातावर दही-साखर ठेवत होते तेव्हा, ती माझ्यादेखत म्हणाली, "बाबा, आज हात लावलात तर बघा. पडले तर पडू द्या मला."

भाऊजी म्हणाले, "बरं बाई. आज हात मागे बांधून उभा राहतो."

आणि खरोखर तसेच उभे राहिले. बघणारे सांगत होते, मास्टरजींचे हात पाठीमागे होते. निवेदिताची पकड सुटली तेव्हा त्यांनी हात पुढे आणले, पण मागून पुढे यायला वेळ लागतो. ती मानेवर पडली.

जीव वाचला, पण मानेखालचं सगळं गेलं. खांदे हलतात, कोपर थोडं वाकतं, बोटं मिटत नाहीत. डोकं मात्र तल्लख राहिलं, आणि जीभही. देवाला दया आली असं लोक म्हणाले. मला तर वाटलं, दया करायची तर पुरती करावी.

शरदिनी एकदाच बोलली त्यांना. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. "एका मार्कासाठी?" बस्स. पुढे सात-आठ वर्षांनी ती गेली, तोवर त्यांच्यात भाजी-आमटीशिवाय बोलणं झालं नाही. सकाळचं ते दही-साखरेच्या वेळचं बोलणं भाऊजींनी कुणाला सांगितलं नाही, आणि मलाही डोळ्यांनीच गप्प केलं. दोष पोरीच्या डोक्यावर नको म्हणून.

कॉलेजने जिम्नॅस्टिक्स बंद केलं. त्या हॉलात आता परीक्षेची बाकं रचून ठेवलेली आहेत. जुन्या गाद्या भंगारात निघाल्या, त्यातली एक भाऊजींनी हातगाडीवर घालून घरी आणली आणि निवेदिताच्या लाकडी तखताशेजारी, म्हणजे पलंगाशेजारी, अंथरली. निवृत्त होईपर्यंत फक्त टेनिस शिकवलं. म्हणायचे, "बरा खेळ आहे वहिनी. यात कुणाला झेलावं लागत नाही. चेंडू पडला तर पडला."

पण घरी मात्र त्यांच्याशिवाय कुणी पोरीला उचलायचं नाही. अंघोळ, कपडे, खुर्ची, गच्चीवरचं ऊन, सगळं स्वतः. शरदिनी होती तोवर अंघोळीचं ती बघायची, पण उचलायचे तेच. मी पुढे झाले की म्हणायचे, "तुम्ही नको." आमची भांडी घासायला गंगा येते, रामनगरची, अंगापिंडाने भक्कम. तिलाही नाही. एकदा तिने हात लावला तर हे केवढ्यांदा ओरडले! ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हम का बोरा उठा रहे हैं, मास्टरजी? हमरी भी बेटी है."

बरं, हे असं चाललं असतं, माणूस म्हातारा झाला नसता तर.

मला पहिल्यांदा कळलं ते चहाच्या कपाने. बशीत कप वाजायला लागला. मग भाऊजी स्टीलच्या पेल्यात चहा मागायला लागले, तोही अर्धाच. ते रोज सकाळी बिंदुमाधवाच्या देवळात जायचे, ज्याच्या नावाने त्यांचं नाव ठेवलं त्याच्याकडे. एक दिवस गच्चीवर मी पापड वाळत घालत होते. आमच्या गच्चीवरून मणिकर्णिका घाटावरच्या चितांचा धूर दिसतो. वारा इकडे फिरला की पापडांवर काळे कण येतात, आम्ही फुंकर मारतो आणि आत घेतो. भाऊजी कठड्याशी बसले होते. म्हणाले, "वहिनी, तिने माझ्याआधी जावं."

"कुणी?"

"निवेदिताने. रोज तेच मागतो मी माधवाकडे."

लोक कुठून कुठून स्वतःचं मरण मागायला काशीला येतात. इथे जन्मलेला हा माणूस पोरीचं मागत होता. मी म्हटलं, "जीभ झडेल, भाऊजी."

"झडू दे. मी आधी गेलो तर तिला कोण उचलणार? तुम्हीच सांगा."

माझे गुडघे तर जिना चढताना देवाचं नाव घेतात. आणि आमच्या पोरांना बंगळूर आणि पुण्याहून फोनवर हळहळता येतं, तेवढंच.

निवेदिताला हे सगळं ठाऊक होतं. पातळ भिंतींच्या घरात काही लपत नाही. मला म्हणाली, "काकू, बाबा माझं मरण मागतात ना? मागू दे. पण ते येईपर्यंत मला अंघोळ कोण घालणार, तेही त्या देवाला विचारायला सांग. आणि तो यायचा नसेल तर गंगाला शिकवा म्हणावं."

मी निरोप पोचवला. भाऊजी म्हणाले, "गंगा पाडेल."

आतून निवेदिता म्हणाली, "बाबा, मी अजून किती पडणार आहे?"

त्यावर ते उठून देवळात गेले.

मग ती सकाळ. मी खाली फुलवाती करत होते. वरून निवेदिताची हाक आली, "काकू!" पुन्हा आली. आवाजात घाई नव्हती, म्हणून मी हातातली वात पुरी केली आणि मग जिना चढले. दारातून बघते तर दोघं त्या कॉलेजच्या गादीवर, समोरासमोर, कुशीवर पडलेले. तखतावरून खुर्चीत ठेवताना भाऊजींची एक बाजू गेली होती. पडताना त्यांनी पोरीला वर धरलं होतं, स्वतः खाली. तिला खरचटलंही नव्हतं. त्यांचं तोंड वाकडं झालेलं, लाळ गळत होती, आणि ती त्यांच्याकडे बघत बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तसं. "आहे मी बाबा, इथेच आहे. काकू आली बघा."

काकू आली, पण काकूच्याने दोघांपैकी कुणीही उचललं जाईना. खिडकीतून गल्लीत ओरडले. गंगा धावत आली, मागून दूधवाला. गंगा भाऊजींकडे वळली तर भाऊजी डोळ्यांनी पोरीकडे खुणावू लागले. गंगाने निवेदिताच्या काखेतून हात घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि उचललं. बेंगरूळ उचललं, मानेला हिसका बसला. आणि भाऊजींचा तो एक शाबूत हात गादीवरून वर आला. निवेदिताच्या पाठीखाली थरथरत राहिला, लागला नाही, खालीही गेला नाही. गंगाने तिला खुर्चीत ठेवलं तेव्हा तो हात पडला.

दवाखान्यातून भाऊजींना आणलं ते लेकीच्याच खोलीत. दोन भिंतींना दोन तखत. बोलणं गेलं होतं. आता रोज गंगा निवेदिताला उचलायची आणि त्यांना समोरून बघावं लागायचं. पहिले दिवस डोळ्यांतून पाणी यायचं. गंगाचे हात खरंच जड, निवेदिताच्या दंडावर निळे वळ उठायचे. मी तेल लावताना विचारलं तर म्हणाली, "मला कुठे कळतंय काकू? बघणाऱ्याला दुखतं." मग मला बाही खाली ओढायला लावायची, बापाला दिसू नये म्हणून.

तिला तखतावरून उचललं की भाऊजींचा हात पांघरुणातून वर यायचा. खोलीच्या त्या टोकाला, एवढ्या लांबून. ती खुर्चीत बसली की खाली. गंगा आधी हसायची, "मास्टरजी, हमें भी नंबर दीजिए!" नंतर हसेना. नंतर तीच उचलायच्या आधी त्यांच्याकडे बघून थांबायची, हात वर आला की उचलायची. निवेदिताही तिकडेच बघायची. मला वाटायचं, एवढ्यावर दोघं आणखी काही वर्षं काढतील.

माघात थंडी फार होती. सकाळी गंगा आली. बोटं गारठलेली, काम आटपायची घाई. त्या दिवशी थांबली नाही, सरळ निवेदिताच्या काखेत हात घातला. मी कोपऱ्यात शेगडी पेटवत होते. गंगाने तिला उचललं, आणि तिच्या खांद्यावरून निवेदिताने समोरच्या तखताकडे पाहिलं.

भाऊजींचं पांघरूण हललं नव्हतं. हात वर नव्हता.

निवेदिताच्या चेहऱ्यावरून गंगालाही कळलं. ती वळायला लागली, पाय अडखळला, पोरीचं सगळं वजन तिच्या एका हातावर आलं.

"गंगा, तिकडे बघू नको," निवेदिता म्हणाली. "आधी मला नीट ठेव."

गंगाने तिला खुर्चीत ठेवलं. पाय फळीवर ठेवले, मान टेकवली, पट्टा बांधला. निवेदिता तोवर समोरच बघत होती.

मग म्हणाली, "काकू, आता जा बाबांकडे."