वजनकाट्यावरचं पानी

डॉक्टर सुलभाबाईंना पंच्याहत्तरावं वरीस लागलंय, त्यांच्यावर पुस्तक निघायलंय, तू बी लिही, असं आमच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी काका म्हनले. मोठ्या लोकांत माझं काय काम, असं वाटलं. पर बाईंची पहिली वळख मला अजून सपनात दिसती, म्हनून तेवढी सांगते.

दुष्काळाच्या सालात संस्थेनं तलवाड्याच्या रस्त्याला चारा छावनी घातलती. आई-वडील ऊस तोडायला गेलते. छावनीत मी, माझे आजोबा आन आमच्या दोन गायी. आजोबांना मी आबा म्हनते. सकाळी छावनीत पांढरी धूळ उठायची आन त्या धुळीत गायी तरंगायल्यात असं वाटायचं. बगायला लई ग्वाड, पर त्याच धुळीनं मला दमा लागला.

बाई रोज सकाळी स्कुटीवर छावनीत यायच्या. त्यांनी मला तोंडानं वढायचा पंप दिला. समद्यांम्होरं तो तोंडात धरायची मला लाज वाटायची. बायका म्हनायच्या, पोरीला पंप लागला, आता काय सुटत न्हाई. बाईंनी ते ऐकलं. मला कडब्याच्या गंजीमागं नेलं, पदराचा आडोसा केला आन म्हनल्या, "इथं मी आणि गाय. सावकाश ओढ." मागून चूळ भरायला लावली, न्हाईतर त्या औषधानं तोंड येतंय. पानी टँकरचं, मला ते थुकायला जड जायलतं. तवा बाईंनीच कडूलिंबाचं एक रोपटं दाखवलं, म्हनल्या, चूळ त्याच्या बुडात टाकत जा.

बाईंची काम करायची रीत येगळी. छावनीत चारा मोजायचा मोठा काटा होता. त्यावर चारा चढायच्या आधी बाई मानसं चढवायच्या. ज्यांचं हृदय थकलंय त्यांनी चपला काढून रोज चढायचं. आबा त्यातलेच. त्या साली मानसं, जनावरं समदी वाळलती. आबांचंच वजन तेवढं वाढायलतं.

लोक म्हनायचे, काय आबा, गायीच्या वाट्याचं तुमीच खायलाव जनू. आबा मिशीत हसायचे. मला बी बरं वाटायचं, आपल्या घरचं एक मानूस तर भरायलंय. आबा आडवे व्हायचेच न्हाईत, गायीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. मला वाटायचं, मुक्या जनावराची माया.

एक दिवस काटा लईच म्होरं गेला. समदे हसले, बाई हसल्या न्हाईत. त्या खाली मातीत बसल्या आन आबांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरंना, आटत्या तळ्याच्या चिखलात पाय रुतावा तसा.

"आबा, लघवीची गोळी घेता का?"

आबांनी पाय मागं घेतला. मग म्हनले, "न्हाई घेत. गाव टँकरमागं पळायलंय बाई, आन मी गोळी खाऊन अंगातलं पानी मातीत टाकू? ऱ्हाऊ द्या की आत, कामाला यील."

बाई रागावल्या न्हाईत. म्हनल्या, "हे पाणी तहानेला चालत नाही, आबा. हृदय दमलंय, त्याला ते पुढं ढकलता येईना. वजन वाढलं ते त्याचंच. पायात साठलंय, आता छातीत चढतंय. तुम्हाला आडवं होता येत नाही ते त्यानंच. हे बुडवणारं पाणी आहे."

तरी आबा दवाखान्यात जाईनात. चारा वाटताना नाव पुकारलं की वरडून हाय म्हनावं लागायचं, आन माझा आवाज तर गायीला बी ऐकू जायचा न्हाई. गायी उपाशी ऱ्हातील म्हनून आबा जागचे हालंनात. तवा बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"आबांना मी बघते. गायींना तू बघ."

दुधाच्या टेम्पोत क्यानांच्या मधी आबांना बसवलं, बाई सोता संगं गेल्या. सांजच्याला आमचं नाव पुकारलं आन मी वरडले. तो आवाज दुसऱ्याच कुनाचा वाटला. गायींनी बी मान वळवून बघितलं.

सुई देऊन आबांचं पानी उतरवलं. माघारी आले तवा लोक म्हनले, आबा वाळले. बाई म्हनल्या, आत्ता नीट झाले. त्या दुपारी आबा आडवे होऊन झोपले, आन गाय वळून वळून त्यांच्याकडं बगत होती.

मग रोज आबांनी गोळी गिळल्याबिगर बाई म्होरं जायच्या न्हाईत. गोळीवर पानी आपल्या बाटलीतलं द्यायच्या. टँकरचं खर्चलं असं आबांना वाटू नये, म्हनून.

आता त्याच जागी संस्थेचं दूध केंद्र हाय. लिंब काट्यावर सावली धरतोय. माझी साळा त्या दुष्काळात सुटली ती सुटलीच, मी हितं दूध घालायला येते. आबा बी येतेत, चपला काढून काट्यावर चढतेत. पर बाईंना आताशा पायऱ्या चढताना दम लागतोय, ते आबांच्या ध्यानात आलं. परवा म्हनले, "बाई, आज तुमी चढा. रोज आमालाच चढवता."

बाई हसत चढल्या. आबा वाकून, डोळे बारीक करून काटा बगत बसले. मग म्हनले, "उद्या परत या. एका दिसाच्या वजनानं काय कळत न्हाई, असं तुमीच म्हनता."

बाई, उद्या या. परवा बी या. अशाच लई लई वर्सं रोज सकाळी लिंबाखाली या, चपला काढा, आन काटा कालच्याच जागी थांबू द्या.