लाकडावर जाळलेला मोर

लाकूड हातात आलं की चाचा आधी ते नाकाला लावायचे. सागवान असलं तर डोळे मिटायचे. प्लायवूड असलं तर बाजूला थुंकायचे. "शी! नुसता गोंदाचा वास. ह्येला लाकूड म्हनत्यात व्हय?"

आष्ट्यात आमच्या शाळेसमोर त्यांचं दुकान होतं. तापल्या टोकानं लाकूड जाळून चित्रं काढायची, हा धंदा. सुरुवात त्यांच्या वडिलांची, म्हसवडच्या यात्रेतली: शेगडीत सळ्या लाल करायच्या आणि पोळपाटावर नवरा-नवरीची नावं जाळून द्यायची. चाचांनी सळई टाकून रेडिओ दुरुस्तीत डाख द्यायची, विजेवर तापणारी कैया हाती घेतली, तिचं टोक घासून बारीक केलं. मग रिटायर होऊन आलेल्या प्रत्येक सुभेदाराला दारावर जळक्या अक्षरांची पाटी हवी झाली आणि घरोघरी बैठकीत चाचांचा मोर टांगला गेला. तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. मान मागं वळवलेला, पिसाऱ्यात नऊ डोळे.

"जाळायचं म्हंजे करपवायचं न्हवं, गुरुजी. भाकरीगत हाय. डाग पडावा, कोळसा हू नये."

पुढं लेसरची मशीनं आली. एका तासात पन्नास पाट्या. चाचांकडं कुणी फिरकेना.

शाळेत त्यांचा सत्कार करायचं मीच ठरवलं. स्मृतिचिन्हही माझ्याकडंच. घाईत सांगलीच्या एका दुकानात फोन केला आणि म्हणालो, लाकडावर मोर जाळून द्या.

व्यासपीठावर चाचांनी ते हातात घेतलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांचाच मोर. कुठल्यातरी फोटोवरून उचललेला, भुसा दाबून केलेल्या फळीवर मशीननं जाळलेला. टाळ्या चालूच होत्या. चाचांनी फळी नाकाला लावली, टेबलावर पालथी ठेवली आणि अंगावरच्या नव्या शालीला हात पुसत खाली उतरले.

मला माझीच किळस आली.

दुकान बंद करून ते पाटणला लेकीकडं गेले. महिन्याभरानं मी तिथं गेलो. त्यांनी चहा दिला, माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. उठताना मी म्हणालो, "चाचा, माझं चुकलं."

"चुकलं न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "चुकल्यालं मानसाला दिसतं तरी. तुमी धा वरसं माज्यासमोर बसून चा प्यालाय, आनि तुमाला फरकच दिसला न्हाई."

ती शेवटची भेट. त्याच वर्षी ते गेले. त्या भेटीच्या दिवशी मी वळणावर पोचेपर्यंत ते उंबऱ्यात उभे होते. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, पण आतही गेले नाहीत.