सगळेच सपोर्टला

आमच्या मुलुंडच्या शाळेत गे, लेस्बियन, ट्रान्स मुलांसाठी आणि त्यांच्या बाजूने उभं राहणाऱ्यांसाठी क्लब काढायचा, म्हणून अकरावीत मी सगळ्यांशी भांडले. शेवटी प्रिन्सिपल मॅडमनी भूगोलाची खोली दिली, तीही दार उघडं ठेवायच्या अटीवर. त्या दाराने माझं डोकंच फिरवलं. पहिल्याच मीटिंगला येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावत होता.

ओळख करून द्यायला आधी मी उभी राहिले आणि घाईघाईने बोलून गेले, "मी स्वतः तशी नाहीये हां. मी नुसती सपोर्टला."

मग शेजारचा तेच म्हणाला. त्याच्या पलीकडची, तिच्या मागचा, सगळे तेच. शेवटी माझ्या मैत्रिणीची पाळी आली, तर ती वैतागली. "सगळेच सपोर्टला आलोय, मग सपोर्ट करायचा कोणाला, यार?"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता माझा हात वर गेला. तेवढ्यात दारातून कोणीतरी डोकावलं, तशी मी त्याच हाताने डोकं खाजवलं.

समोर मैत्रिणीचाही हात अर्धवट वर होता. माझ्याकडे बघून तीही डोकं खाजवायला लागली.