गिरजाकाकूचा जळका ट्रॅक्टर

गिरजाकाकू ट्रॅक्टरवर असली की तिला रस्त्यावरून ओरडून काही विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर ती आधी ट्रॅक्टर थांबवायची, इंजिन बंद करायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि मग म्हणायची, "आता बोल. वरडू नको, मी बहिरी नाई." मागे बैलबंडी असो की बस, सगळं थांबून राहायचं. एकदा कुणीतरी तिला वांग्याचा भाव विचारला म्हणून सेलूची बस अशीच अडकून पडली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर काकूने त्यालाही खाली उतरून नीट बोलायला लावलं.

हिंगणीत तिचं घर आमच्या घराला लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, त्या गिरजेच्या नादी लागू नको. नव्या सुनेला असं सांगितल्यावर ती दुसरं काय करणार? आठवडा उलटायच्या आत मी काकूच्या ओट्यावर बसून चहा पीत होते.

ट्रॅक्टर काकांनी घेतला होता, तोही जुनाच. काका गेले तेव्हा काकू पन्नाशीला आलेली. आता ट्रॅक्टर विकणार, असं सारं गाव धरून चाललं. काकूने काकांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवला आणि कालव्याजवळच्या पडीत वावरात एकटीच चालवायला शिकली. पहिल्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढवला, दुसऱ्या दिवशी बोरीच्या झाडाला नेऊन भिडवला. बघ्यांची करमणूक चालली होती. तिला त्याचं काही नव्हतं. "तुहे काका काय पोटातून शिकून आलते?" एवढंच ती मला म्हणाली. पुढच्या हंगामात अर्ध्या गावाची वखरणी-पेरणी तीच करत होती, आणि तेच बघे तिच्या ओट्याशी येऊन आपला नंबर कधी लागेल ते विचारत होते.

तिचा एकुलता मुलगा संजय नागपूरला नोकरीला. मुलगा चांगला, आईवर जीव असलेला, आणि म्हणूनच तिच्या मागे लागलेला. जमीन ठेक्याने देऊ, तू नागपूरला ये, असं दर सणाला सुरू. एका पोळ्याला तो फारच हट्टाला पेटला तेव्हा काकू माझ्यादेखत बोलून गेली, "ज्या दिवशी हा ट्रॅक्टर चालणार नाई, त्या दिवशी मी पिशवी भरून येतो. तवापर्यंत तोंड उघडू नको." संजयने तोंड उघडलं नाही. पण शब्द लक्षात ठेवला.

आणि मग तो दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन पुसून पुजतात. काकूने ट्रॅक्टर घासून लख्ख केला, झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं आणि मडगार्डवर तेलाचा दिवा लावला. पूजेचा दिवा आपण होऊन विझू द्यायचा, फुंकायचा नाही, म्हणून तो तसाच ठेवून ती सोनं लुटायला गावात गेली. बाजूलाच सोयाबीनच्या कुटाराचा, वाळक्या भुशाचा, ढीग होता. वारा सुटला. आम्ही धावत पोचलो तोवर कुटार पेटून ट्रॅक्टर त्यात उभा जळत होता. पाणी मारलं, माती मारली. विझला तेव्हा सीट गेली होती, टायर गेले होते, वायरिंगचा कोळसा झाला होता, आणि स्टिअरिंगचं नुसतं लोखंडी कडं उरलं होतं. पेरणीयंत्र पलीकडच्या छपरीत होतं म्हणून तेवढं वाचलं.

काकूच्या हातात अजून आपट्याची पानं तशीच होती. जमलेल्या लोकांत तिला सोनं द्यायला कुणी पुढे होईना. तेव्हा तिनेच एकेकाच्या हातावर पान ठेवायला सुरुवात केली. "घ्या. दसरा आहे का नाई आज?" आवाज जरासुद्धा हलला नाही. मला मात्र रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी गावाचा निकाल लागला, आणि तो देणाऱ्यांत आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, सगळ्यात पुढे होते. पूजेच्या दिव्याने जळलेली वस्तू घरात ठेवू नये, देवानेच ती नाकारली आहे, असं त्यांचं म्हणणं. मामाजींचं गावात वजन. ते काकूला हे सांगायला तिच्या अंगणात गेले. काकूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजी, देवाले राग आला असता तं त्यानं मले जाळलं असतं. दिवा मी लावला, ट्रॅक्टरनं नाई." मामाजी घरी आले आणि ही बाई पार वाया गेली, असं जाहीर करून झोपले.

संजय त्याच दिवशी आला होता. सिंदीहून इस्माईलभाई मिस्त्रीला बोलावलं. ते बराच वेळ ट्रॅक्टरच्या खालीवर फिरले आणि हात पुसत म्हणाले, "काकी, इंजन बच गया. बाकी सब नया डालना पडेगा. करना या नहीं करना, आप सोचो." संजयने विचार करून ठेवला होता. एवढ्या जुन्या यंत्रात जीव घालण्यात अर्थ नाही, भंगारात द्यावं हे बरं. मग त्याने हळूच तिला तिच्या शब्दाची आठवण करून दिली.

मला वाटलं, आता काकू उसळणार. पण ती शब्द फिरवणारी नव्हती. "म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "नाई कुठं म्हणतो? पण हरभऱ्याच्या पेरणीपर्यंत थांब. तवा हा वावरात चालला नाई तं मी तुह्या गाडीत बसतो. अन् चालला तं तू मले पुन्हा कधी विचारजो नको." संजयने रजा वाढवली. मायलेकांत ठरलं ते असं, आणि काकू पुरी इरेला पेटली.

त्या दिवसांत तिचं अंगण म्हणजे कारखाना झाला होता. इस्माईलभाई वायरी ओढत, आणि काकू शेजारी बसून जळलेला एकेक भाग खरवडून रॉकेलने धूत असे. सीटला तिने पोत्यात काथ्या भरून गादी शिवली. स्टिअरिंगच्या कड्याला काकांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. रंग द्यायचा का, असं संजयने विचारलं. तोही एव्हाना बाह्या वर करून पाने-पकडी देत होता, हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. काकू नको म्हणाली. जळला ते जळला, त्यात लपवायचं काय? एका सकाळी इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि सुरू झालं. तो आवाज गावात सगळ्यांनी ऐकला. बाहेर मात्र कुणी आलं नाही.

आणि पेरणीला कुणी बोलावलं नाही. जळका ट्रॅक्टर वावरात घातला तर पीक जळतं, अशी हूल उठली होती. स्वतःच्या जमिनीच्या चार पट्ट्यांपुरता ट्रॅक्टर पाळणं कुणालाच परवडत नाही, हे काकूला कळत होतं आणि संजयलाही. एका संध्याकाळी मी त्याला काकूच्या प्रवासाच्या पिशवीच्या चेनला तेल लावताना पाहिलं.

मामाजींनी आमच्या वावरासाठी दुसऱ्या गावचा ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. तो आज येतो उद्या येतो करत होता आणि इकडे जमिनीतली ओल उडून चालली होती. मी सकाळी काकूच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, आमच्या वावरात चला.

"तुह्या सासऱ्याले इचारलं?"

"नाही."

"घरी भांडण होईन. मले दया दाखवू नको, पोरी."

"दया नाही. ओल चालली. हरभरा निघाला नाही तर भांडण त्याहून मोठं होईल."

 काकू आत जाऊन काकांचा शर्ट घालून आली.

आम्ही वावरात पोचलो तेव्हा मामाजी धुऱ्यावर उभे होते. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.  मी पुढे होऊन म्हटलं, मी बोलावलं त्यांना. घरात माझा आवाज एवढा मोठा कधी निघाला नव्हता. काकू सीटवरून म्हणाली, "भाऊजी, वावर तुमचं. नाई म्हणा, आत्ता परत जातो. पण आग माह्या दारी लागली होती. तुम्ही काऊन भेऊन राह्यले?"

 भितो आहे असं साऱ्या वावरासमोर कबूल करणं मामाजींच्या स्वभावात नव्हतं. ते तिथेच बसून राहिले. काकूने पहिलं तास काढलं, दुसरं काढलं. बऱ्याच वेळाने मामाजी उठले, पेरणीयंत्राकडे गेले आणि कुरकुरले, "डाव्या बाजूनं दाणा कमी पडून राह्यला. पाहा जरा."

त्या रब्बीत आमचा हरभरा जळला नाही. संजय नागपूरला एकटाच परत गेला, आणि त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी काकूने मला कालव्याजवळच्या त्याच पडीत वावरात नेऊन सीटवर बसवलं. मीही धुऱ्यावर चढवला.

काकू गेली यंदाच्या भादव्यात, तिच्या स्वतःच्या घरात, दुपारचं जेवण करून आडवी झाली तेव्हा. तेरवीनंतर संजयने ट्रॅक्टरचं काय करायचं म्हणून विचारलं. ओसरीवरचे पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. मी किल्ली मागितली. संजयने ती माझ्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

आता हरभऱ्याचे दिवस आहेत. लोक नंबर विचारायला माझ्या ओट्याशी येतात. ज्यांनी त्या वर्षी तिला वावरात येऊ दिलं नव्हतं, त्यांचा नंबर मी सगळ्यात शेवटी लावते. काकूने असं कधीच केलं नसतं. मी करते.