वालूरला ताईची कुंडलिनी जागी झाली तेव्हा

गेल्या आठवड्यात एका वाचक मुलीनं विचारलं, "काकू, वालूरची बारव बघायला कसं जायचं?" आता सोपं आहे बाई. परभणीहून रेल्वेनं सेलू, तिथून एसटी नाहीतर ऑटो. मी मात्र पहिल्यांदा एकटी गेले ती बारव बघायला नव्हे. एका महाराजाचं बिंग फोडायला गेले होते.

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. मी परभणीत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणारी मी. एका शनिवारी दाजींचं, म्हणजे सुमनताईच्या नवऱ्याचं, पोस्टकार्ड आलं. 'सुमनची कुंडलिनी जागृत झाली आहे. मठात योगी महाराज आले आहेत. दर्शनास यावे.' वाचून आईनं आधी दार लावून घेतलं. कारण आम्हा दोघींना ठाऊक होतं. ताईला बाराव्या वर्षापासून फिट यायच्या. गोळ्यांनी थांबल्या, मग आम्ही गोळ्या बंद केल्या आणि घाईघाईनं लग्न उरकलं. सासरी चकार शब्द काढला नाही. आता पाच वर्षांनी खरं कळलं तर तिला माहेरी आणून सोडतील, ही धास्ती.

"तू जा," आई म्हणाली. "त्या महाराजाला काय बोलायचं ते बोल. पण फिटचं नाव काढू नको, शके."

रविवारी सकाळच्या गाडीनं निघाले. बसचा भरवसा नव्हता, कुठं रास्ता रोको लागेल सांगता यायचं नाही. इंजिन कोळशाचं, त्यामुळं खिडकीत बसायची हौस भागवली की डोळ्यात कचरा ठरलेला. मानवत रोडला एक शेतकरी बाई पिशवीत नारळ घेऊन चढली आणि माझ्या शेजारी टेकली.

"कुठं निघालाव?" मी विचारलं.

"वालूरला. तितं एका सुनंची शक्ती जागी झालीया म्हणं. पायावर डोकं ठिवलं की लय बरं वाटतंय. तुमी पण तिकडंच का?"

"हो."

"मग नारळ न्हाई आणला?"

स्वतःच्या सख्ख्या बहिणीला नारळ! मला हसूच आलं. बातमी मानवतपर्यंत पोहोचली होती तर.

सेलूच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली. ती खाऊनच पुढं निघा, कारण एसटी केव्हा सुटेल हे ड्रायव्हरलाही माहीत नसायचं. जागा पुढची धरा. मागच्या सीटवर बसलात तर कंबर वालूरच्या आधीच उतरेल. दोन्ही बाजूंना काळं रान, उभी ज्वारी आणि धूळ. एरवी मला तो रस्ता आवडायचा. त्या दिवशी मी महाराजाला काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होते.

ताई ओसरीवर पाटावर बसली होती. समोर हळदी-कुंकू, नारळांचा ढीग, पायाशी बायका. मला बघून उठली नाही, नुसती हसली. जेवताना भाकरी दुधात कुस्करून खात होती. ठेच्याशिवाय जिचा घास उतरायचा नाही, ती! मी हळूच म्हटलं, "जीभ दाखव." तिनं मान फिरवली.

"आमची सून लय मोठी झाली बाई," तिच्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. पाच वर्षांत त्यांच्या तोंडून ताईचं असं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यात काहीतरी डाव असणार असं मला वाटलं. मला तेव्हा सगळ्यातच डाव दिसत होता.

सोमवारी सकाळी अंघोळ, लिंगपूजा आणि मगच चहा. घर लिंगायत, त्यात पाहुण्यालाही सूट नाही. मग मठात गेलो. महाराज वाळलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांचं योगशिबिर फुकट होतं, हीच माझी पहिली शंका. दानपेटी शोधली, तीही नव्हती. पेटी नाही म्हणजे गडी चांगलाच मुरलेला आहे, असं मी ठरवून टाकलं. चमत्काराबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. आसन नंतर, प्राणायाम त्याच्याही नंतर, आधी यम, एवढंच तासभर सांगत राहिले. यमांत पहिली अहिंसा, मग सत्य. ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून मी जास्तच सावध झाले.

तेवढ्यात सतरंजीवर बसलेली ताई आडवी झाली. हातपाय ताठ, मग झटके, तोंडाला फेस. "जागृती! जागृती!" बायका हात जोडून पुढं सरकल्या. फिट म्हटलं असतं तर ह्याच बायांनी कांदा हुंगवला असता. जागृती म्हटल्यावर नारळ पुढं आले. महाराज उठून आले, सगळ्यांना मागं हटवलं, तिला कुशीवर वळवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसले. ती शुद्धीवर आल्यावर विचारलं, "बाई, मघाशी काय झालं? काय आठवतं?"

"काईच न्हाई," ताई पुटपुटली.

ते बायकांकडं वळले. "तिला काहीच आठवत नाही. मग जागं कोण झालं?"

मला वाटलं, आता पलटी मारतोय. मी तडक पुढं झाले. "हे ठाऊक होतं तर इतके दिवस गप्प का बसलात?"

"पहिल्या दिवसापासून सांगतोय की ही जागृती नाही, डॉक्टरला दाखवा. घरचे म्हणतात, आधी कधीच नव्हतं, मठात आल्यावरच सुरू झालं. तुम्ही बहीण ना? तुम्हीच सांगा. आधी कधी असं झालं होतं?"

सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्याकडं न बघता मी म्हटलं, "अहिंसा आधी, सत्य नंतर. तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. पण ही चुलीपुढं पडली तर ती कुणाची अहिंसा?"

खरंच सांगते, मी बोलले नसते. बोलली ती ताई. सतरंजीवर पडल्या पडल्या, चावलेल्या जिभेनं. "होतं. बाराव्या वर्षापसून. लग्नात सांगितलं न्हाई."

सासूबाईंनी नारळ एकेक करून उचलले आणि ज्याचे त्याला परत दिले. मग माझ्याकडं वळल्या. "पाच वर्षं चुलीपुढं बसवलं हो मी हिला! हिरीवर एकटीला धाडलं! तुमी समदे गप. मेली असती म्हंजी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ह्याच बाईवर संशय घेत होते.

दुपारी ताईला माझ्याबरोबर एसटीत बसवायला त्या स्वतः आल्या. मी भीतभीत विचारलं, "आणि परत?"

"परत म्हंजी? बरी करून आणून घाला."

परभणीत आईनं दार उघडलं, ताईकडं बघायच्याही आधी मला विचारलं, "त्याहीला कळलं का?" ताईच म्हणाली, "मी सांगितलं, आई." आई पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं गेलो, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. महिन्याभरानं ताई सासरी गेली आणि नांदली. सासूबाई मात्र आमच्या घरचं पाणी पुन्हा कधी प्यायल्या नाहीत. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

महाराजांवर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. सगळं खरं बोलले, तरी नाही. आमच्या स्वभावाला औषध नाही. योगशिबिराला जायचं तर जरूर जा, पण गोळ्या चालू असतील तर त्या बरोबर घ्या आणि शिकवणाऱ्याला आधी आजार सांगा.

एक गोष्ट इथवर लिहायची टाळत होते. परतीच्या गाडीत मी ताईला म्हटलं होतं, "जागृती नाही, हे तुला कळत नव्हतं का गं?"

"कळत व्हतं की. पण फिट म्हणलं की घराबाहीर काढतेत, जागृती म्हणलं की पाया पडतेत. मी काय करू?" मग म्हणाली, "तू दर दिवाळीला यायचीस. मला वाटायचं, शाळा शिकवती, हुशार हाय, औंदा ही सांगल. पाच वर्षं वाट बघितली, शके."