खांदशेकणीचं आवतन

एकाहत्तरच्या हिवाळ्यात आमची पलटण पूर्व सीमेवर होती. मी नाईक, सेक्शन कमांडर. लान्सनायक वामन माझ्या हाताखाली. दोघेही कारंज्याकडचे, गावं एकमेकांपासून दोन कोसांवर. रायफल साफ करतानाही त्याच्या तोंडी बैलच असायचे. तो पत्र लिहायला बसला की मी चिडवायचो, "बापाले लिहून राह्यला का बैलाइले?"

डिसेंबरात एका सकाळी साडेपाचला आमच्या गस्तीच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. वामनच्या पोटात गोळी लागली. मी वायरलेसवर स्ट्रेचर मागितलं.

"स्ट्रेचर नहीं है. उठाकर लाओ. आउट."

मी त्याला उजव्या खांद्यावर घेतलं. भाताच्या बांधांवरून तीन किलोमीटर.

वाटेत त्याने विचारलं, "पोळ्याले सुट्टी भेटन ना?"

"भेटन."

मग मीच बोलत राहिलो. झूल कोणती, शिंगांना रंग कोणता. सात वीसला एड पोस्टवर पोचलो. डॉक्टर म्हणाले, याला जाऊन बराच वेळ झाला.

तेव्हापासून खांदा दुखू लागला. एक्स-रे झाला, मालिश झालं. रिपोर्ट नॉर्मल. रायफल खांद्याला लावली की नेम चुकायचा. दोन सुट्ट्यांत घरी आलो आणि दोन्ही वेळा वामनच्या गावाचा रस्ता टाळून लांबून गेलो. लढाईत टिकलेला मी एका म्हाताऱ्या बापाला भीत होतो.

तिसऱ्या सुट्टीत पोळा आला. आदल्या दिवशी वामनच्या वडिलांचा, दौलतकाकांचा, निरोप आला: "त्याले म्हणा, येजो."

गेलो. काका अंगणात बैलांचे खांदे शेकत होते. गरम पाणी, हळद, लोणी, पळसाचं पान. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आराम द्यायचा, ही आमच्याकडची खांदशेकणीची रीत.

"कोणत्या खांद्यावर आणलं माह्या पोराले?"

मी दाखवला.

"सदरा काढ. बस इथं."

ते शेकू लागले. आणखी काही विचारलं नाही, म्हणूनच मला बोलता आलं.

"काका, तो गेलता, अन् मले समजलंच नाई. मी बोलतच होतो."

त्यांचा हात थांबला. "काय बोलत होता?"

"बैलाइचं."

"मंग ऐकलं असन त्यानं," म्हणाले आणि आणखी लोणी लावलं. मी रडलो. वामन गेल्यापासून पहिल्यांदाच.

नंतर त्यांनी एकेका बैलाच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेच माझ्याजवळ येऊन मलाही सांगितलं.

दुखणं लगेच गेलं नाही. पण पुन्हा कधी मी रस्ता बदलला नाही, आणि पुढे बरीच वर्षं रायफल धरली.

आता काका नाहीत. तोच गोठा आणि एक बैलजोडी त्यांच्या पुतण्याकडे आहे. पेन्शनीत आल्यापासून तिथली खांदशेकणी मी करतो. दोन्ही बैलांना आवतन देतो. मग मान उजव्या खांद्याकडे वळवून हळूच म्हणतो, "वामन, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. सुट्टी मंजूर आहे."