देवीचा कौल आणि लवूचा डोळा

हिंदमाता बाजारातल्या साडीच्या दुकानात शेवंतीच्या जिभेचा दबदबा होता. फिकी मोतिया मागायला आलेली बाई तिच्यापुढे बसली, की गडद जांभळी घेऊन खुशीत बाहेर पडे. पण लालबागच्या खोलीत शिरलं, की त्याच जिभेचं पालथ्या घड्यावर पाणी. घडा म्हणजे तिचा नवरा लवू, गोदीतला निवृत्त फिटर.

लवूच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. "आता ऑपरेशन टाळलंत तर डोळा हातचा जाईल," डॉक्टरांनी बजावलं होतं. लवूने मात्र गावच्या गुरवाला देवीपुढे कौल लावायला सांगितला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने कौल लावला आणि मोबाइलवर नुसता व्हिडिओ पाठवून दिला. डावी पडली. लवूपुरता विषय संपला.

शेवंतीचा कुठला संपायला! ऑपरेशन करून आलेल्या शेजारच्या हेरंबला तिने घरी आणून बसवलं, डॉक्टरांना फोनवर घेतलं, शेवटी व्हिडिओत गाभाऱ्यात गरगरणारा पंखाच दाखवला. "वाऱ्याने पडली हो पाकळी!"

"वारो कोण सोडता?" लवू म्हणाला.



एकदा दुकानात डबा खाताना तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि घास हातातच राहिला. गुरवामागच्या पाटीवरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी होती. आपलंही तोंड यावं म्हणून पठ्ठ्याने सेल्फीच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढला होता. म्हणजे डावं ते उजवं! तिने लगेच गुरवाला फोन लावला.

"उजवीच पडली, वयनी," तो म्हणाला. "व्हिडिओत दिसता मां?"

मालकाला सांगून शेवंती तडक घरी आली. लवूने फोन नाकाशी धरला, पाटी बघितली, गुरवाचं म्हणणं ऐकून घेतलं आणि फोन परत दिला.

"देवीक काय कळूक नाय, क्यामेरो उलटो आसा ता? आपणाक काय दिसतला, तां बघूनच तिना पाकळी पाडल्यान."

तो फोन ह्याच्या टाळक्यात घालावा असं शेवंतीला वाटलं. खुद्द देवीचा होकार आणून दिला, तरी माणूस जागचा हलत नाही! ती कॉटवर मटकन बसली. "करा काय करायचं ते. माझं तोंड दुखलं. मी यापुढे एक शब्द बोलणार नाही."

आणि खरंच बोलली नाही. चहा झाला, दिवेलागण झाली. लवू दोनदा गॅलरीत जाऊन आला.

"गो शेवंती," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "डोळ्यात सुरी घालतत, तेव्हा माणूस जागोच असता?"

"असतो."

"तू आत येशीत?"

इतके महिने ती देवीशी भांडत होती, आणि हा बाबा नुसता घाबरला होता!

"हे आधी तोंडातून फुटत नव्हतं तुमच्या?" ती ओरडली, आणि रडू फुटायला लागलं म्हणून आणखी मोठ्याने ओरडली. "आत नाही सोडत कुणाला! दाराशी थांबेन मी. हलणार नाही."

लवूने चांगल्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं.

"थांब मगे," तो म्हणाला. "पण थंय डॉक्टराशी वाद घालू नको."